मोडीत काढण्याच्या अर्जावर सही नाही

फर्म्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर मोडीत काढायचा अर्ज सोमवारी सकाळी साडेनऊला तिथे फर्मे काढणाऱ्या मास्तरणीच्या टेबलावर आला. अर्जावर तीन सह्या लागत होत्या. मॅनेजरची झाली होती, मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्याची झाली होती. तिसरी, यंत्र चालवणाऱ्याची, बाकी होती. कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं होतं: ‘यंत्र जुनाट. वारंवार आपोआप बंद-चालू होते. दुरुस्ती अशक्य. ऑपरेटरच्या हाताळणीतील चुकांमुळे बिघाड वाढला.’

मास्तरणीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. कागद उलटा करून मागे आणखी काही आहे का तेही पाहिलं.

“शेवटचं वाक्य कुणाचं?”

“फॉर्मच तसा असतो,” मॅनेजर म्हणाला.

“फॉर्म स्वतःला टाइप करत नाही.”

“बाई, शुक्रवारी वरून मॅडम येतायत. तोवर हा कागद फाइलला लागलेला पाहिजे. तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो.”

“तुम्ही बघताय म्हणूनच करत नाही,” मास्तरीण म्हणाली आणि कागदावर पितळी वजन ठेवून कामाला लागली.

हा कारखाना कामाचे कपडे शिवतो. इस्पितळातल्या नर्सेस, बॉयलरवर काम करणारे, अग्निशामक दलाचे जवान, क्रेन चालवणारे. बहुतेकांचे कपडे ठरलेल्या सात मापांत बसतात आणि त्या सात मापांचे फर्मे मुख्य कचेरीतून तयार येतात. फर्मा म्हणजे कापड कापण्याआधी कागदावर काढलेला प्रत्येक तुकड्याचा आराखडा. पण काही माणसं सात मापांत बसत नाहीत. एका क्रेनवाल्याचा डावा हात उजव्यापेक्षा तीन इंच आखूड आहे. एक नर्स कपड्यांच्या आत कमरेला लोखंडी पट्ट्यांचा पट्टा बांधते. एका जवानाचे खांदे असे, की सगळ्यात मोठ्या मापाचा कोटही पाठीवर उसवतो. अशा बाराशे चौदा माणसांचे वेगळे फर्मे मास्तरणीच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. एकोणतीस वर्षांत तिने ते काढले, आधी हाताने आणि नंतर यंत्रावर. कॉम्प्युटरला जोडलेला दीड मीटर रुंदीचा प्लॉटर ते ब्राउनपेपरवर पूर्ण आकारात रेखतो, मग कापणी होते.

कॉम्प्युटर मोडीत गेला तर ती खोलीही बंद होणार होती, हे मॅनेजरने लपवलं नव्हतं. बाराशे चौदा जणांना ‘जवळचं माप’ मिळणार होतं. मास्तरणीची रवानगी चेकिंगच्या टेबलावर, म्हणजे शिवून आलेल्या कपड्यांचे दोरे कापायला. तिथे जायला तिची तयारी नव्हती.

दोष दीड महिन्यापूर्वी सुरू झाला. मुख्य कचेरीने सगळ्या कारखान्यांतल्या यंत्रांचे ड्रायव्हर नवे करायचं ठरवलं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं प्लॉटरला समजेल असं करून सांगणारा प्रोग्रॅम. दर सोमवारी सकाळी ताजं अपडेट तिकडून आपोआप येऊ लागलं. तेव्हापासून हा कॉम्प्युटर मधूनच काळा पडायचा, पुन्हा चालू व्हायचा, चार मिनिटं शहाण्यासारखा वागायचा, पुन्हा काळा. एखादा दिवस सगळा असाच जायचा. दुसऱ्या दिवशी मात्र काही झालंच नाही असा संध्याकाळपर्यंत चालायचा. सुरुवातीला वाईट दिवस आठवड्यातून एखादा होता. आता चांगला दिवस एखादा उरला होता.

मुख्य कचेरीचा कॉम्प्युटरवाला तीन वेळा येऊन गेला होता. चाळिशीचा, चौदा कारखान्यांच्या फेऱ्या मारून दमलेला माणूस. पहिल्या खेपेला त्याने मेमरी बदलली. दुसऱ्या खेपेला वीज पुरवणारा डबा बदलला. तिसऱ्या खेपेला काहीच न बदलता आत साठलेली धूळ उडवली. तिन्ही वेळा कॉम्प्युटर लगेच चालू लागला आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा मूळपदावर आला. चौथ्यांदा यायच्या ऐवजी त्याने अर्जावर सही करून पाठवली.

संध्याकाळी बसथांब्यावर मास्तरणीच्या नवऱ्याने विषय काढला. तो त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे, सगळे त्याला पेटीवाले म्हणतात. बातमी त्याच्यापर्यंत दुपारीच पोचली होती.

“सही केली नाहीस म्हणे.”

“नाही.”

“अगं, खोली त्यांची, यंत्र त्यांचं. आपल्या बापाचं काय जातंय?”

“वाक्य माझ्यावर आहे ना.”

“कोण वाचतंय ते! वाचणारा एक, विसरणारे शंभर. उगाच दोघांच्या पोटावर पाय आणशील. मला अजून चार वर्षं आहेत तिथं.”

“तुम्ही तुमच्या पेट्या बांधा. तुमच्या पेटीत मी कधी डोकावले का?”

“डोकावली असतीस तर मीही सांगितलं असतं, की वर ‘नाजूक’ लिहिलेलं असलं तरी आत हातोडा असू शकतो,” तो म्हणाला. बस आली. दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले, पण ते जागा नव्हती म्हणून.

मंगळवारी कॉम्प्युटरवाला पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेऊन आला. कॉम्प्युटर उचलून न्यायचे आदेश होते. मास्तरीण खुर्चीत बसून होती, ती उठली नाही.

“बाई, जरा बाजूला होता का? मागच्या वायरी काढायच्यात.”

“काढ. पण आधी एक सांग. हा काळा पडतो त्याच्या आधी पापणी लवते न लवते तोवर एक निळा पडदा येतो. त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. काय लिहिलेलं असतं?”

“ते वाचता येत नाही. लगेच रीस्टार्ट होतो.”

“म्हणजे तीन वेळा औषध दिलंस आणि रोग्याचं एकदाही ऐकलं नाहीस?”

कॉम्प्युटरवाल्याने खोकं खाली ठेवलं. बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट व्हायचं, ही सोय बंद करता येते. त्याला ते ठाऊक होतं. चौदा कारखाने डोक्यावर असताना ते करायला सवड झाली नव्हती, एवढंच. त्याने ती सोय बंद केली आणि दोघं पडद्यासमोर बसून राहिले. चौथ्या मिनिटाला निळा पडदा आला आणि या वेळी तसाच थांबला. खालच्या ओळीत एका फाइलचं नाव होतं. कॉम्प्युटरवाल्याने ते वाचलं आणि कान खाजवला.

“हा तर प्लॉटरचा ड्रायव्हर. आम्हीच पाठवलेला, नवा.”

“बरं.”

“या प्लॉटरला तो झेपत नसणार. जुन्यावर परत नेतो.”

पंधरा मिनिटांत त्याने जुना ड्रायव्हर परत बसवला. कॉम्प्युटर चालू लागला. मास्तरणीने लगेच अग्निशामक दलाच्या एका कोटाचे अकरा तुकडे प्लॉटरवर घातले. बावीस मिनिटं पेन कागदावर फिरत राहिलं आणि काहीही झालं नाही. कॉम्प्युटरवाला रिकामं खोकं घेऊन परत गेला. मॅनेजरने काचेच्या केबिनमधून ते पाहिलं, पण तो बाहेर आला नाही.

बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निळा पडदा पुन्हा आला. फाइलचं नाव तेच होतं.

आता मात्र मॅनेजर बाहेर आला.

“बघा, मी म्हणत होतो. हाताळणीच—”

“साहेब, काल हाच हात होता आणि काल हा चालला.”

“मग काय, भूत आहे का त्याच्यात?”

“भूत असतं तर हजेरी लावली असती तुम्ही त्याची,” मास्तरीण म्हणाली. पलीकडे काजं करणाऱ्या दोघी बायका हसल्या. मॅनेजरने घड्याळ पाहिलं आणि तो आत गेला.

मास्तरणीला कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. ती शिकली कपड्यावर. एकाच फर्म्यावरून कापलेल्या दोन बाह्यांपैकी एक नीट बसली आणि दुसरी वाकडी लटकली, तर फर्म्याला दोष द्यायचा नसतो. बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याजवळच्या गोल कापाला, जोडताना काहीतरी घडलेलं असतं. अशा वेळी शहाणा कारागीर कात्री चालवत नाही, उसवतो. तेही शेवटची शिवण आधी, मग तिच्या आधीची. दर शिवणीनंतर कपडा अंगावर घालून बघायचा. जिथे कपडा सरळ लटकतो तिथे दोष.

काल संध्याकाळी चांगला होता, आज सकाळी बिघडला. मधल्या शिवणी कोणत्या? तिने ब्राउनपेपरच्या तुकड्यावर लिहून काढल्या. कॉम्प्युटर बंद केला. बटण बंद केलं. वायरी काढल्या. सकाळी वायरी लावल्या. बटण चालू. कॉम्प्युटर चालू.

वायरी काढण्याचा प्रकार या कारखान्याचा खास आहे. आठ वर्षांपूर्वी एकदा कारखाना सुटल्यावर इस्त्रीच्या विभागात एक प्लग तापून आग लागली. माणूस कुणी दगावला नाही, पण कापडाचे चाळीस तागे जळाले. तेव्हा मालकांनी भिंतीवर नियम लावला: ‘जाताना सर्व वायरी काढाव्यात.’ सर्व म्हणजे सर्व, असा अर्थ रखवालदाराने लावला. रखवालदाराचं टोपणनाव पैलवान आहे. त्याची छाती इतकी अरुंद की त्याचा गणवेशही मास्तरणीच्याच फर्म्यावरून शिवावा लागतो. विजेच्या जाड वायरी आणि कॉम्प्युटरपासून प्लॉटरपर्यंत जाणारी बारीक वायर, ही विजेची नव्हेच, यांत तो फरक करत नाही. प्रत्येक खोलीत खिळे ठोकलेले आहेत. खिळे आणि वायरी मोजून जुळल्याशिवाय तो कुलूप लावत नाही. म्हणून आठ वर्षं मास्तरीण रोज संध्याकाळी ती बारीक वायरही काढते, खिळ्याला टांगते आणि सकाळी परत लावते.

तिने मॅनेजरच्या केबिनमधून कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्याने तिथूनच कॉम्प्युटरच्या आत शिरून जुना ड्रायव्हर पुन्हा बसवून दिला. “हे किती वेळा करायचं बाई?” त्याने विचारलं. “आज शेवटचं. उद्या ये,” तिने सांगितलं.

साडेदहाला तिने उसवायला सुरुवात केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दहा मिनिटं वाट पाहिली. चालला. भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं. चालला. विजेची जाड वायर काढून लावली. चालला. बारीक वायर काढली आणि लावली. चालला.

तिथे ती अडली. सगळ्या शिवणी उसवून झाल्या होत्या आणि कपडा सरळच लटकत होता.

चहाच्या सुटीत ती खोलीतच बसून राहिली. काजं करणारी एक बाई कप घेऊन आली. “मास्तरीणबाई, घ्या. तोंड बघा कसं झालंय, कुणी तुमचीच मापं चुकीची घेतल्यासारखं.”

“मी सकाळी वायर लावते तेव्हा तू पाहिलंयस कधी?”

“रोज बघते. अर्ध्या वाकता, कंबर धरता, हात मागे घालता आणि शिव्या देता.”

“बघते का मी मागे? वायर लावताना?”

“बघायला चष्मा कुठे असतो तुमच्याकडे तेव्हा? पर्समध्ये.”

मास्तरीण चहा तसाच ठेवून उठली. मघाशी परीक्षा घ्यायची म्हणून ती टेबलामागे जाऊन, चष्मा लावून, जिथून वायर काढली तिथेच नीट बघून लावत होती. रोज सकाळी ती असं करत नाही. कॉम्प्युटरच्या पाठीवर यूएसबीच्या सहा खोबणी आहेत, सगळ्या सारख्या. हाताला लागेल तिच्यात वायर जाते.

तिने चष्मा काढला, अर्धी वाकली आणि हात मागे घालून वायर लावली. चौथ्या मिनिटाला निळा पडदा आला.

मग तिने सहाही खोबणी एकेक करून पाहिल्या. दोन चांगल्या निघाल्या, चार वाईट. वाईट खोबणीत वायर घातली की चौथ्या मिनिटाला पडदा निळा. चांगलीत घातली की काही नाही. चांगल्या दोन्हींवर तिने पांढऱ्या खडूने आडवी रेघ मारली.

गुरुवारी आलेल्या कॉम्प्युटरवाल्याला ती खडूची रेघ पाहून आधी हसू आलं. मग त्याने आत शोधलं आणि तो हसायचा थांबला. कॉम्प्युटर प्रत्येक खोबणीतल्या प्लॉटरला निराळा प्लॉटर समजत होता आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर निराळा जपून ठेवत होता. सोमवारचं अपडेट फक्त त्या सकाळी वायर असेल त्याच खोबणीला लागायचं. दर सोमवारी साधारण एक खोबण बाधत गेली होती. मंगळवारी आणि काल मिळून त्याने दोन सुधारल्या होत्या, त्याच दोन चांगल्या. त्याच्या आधीच्या तिन्ही दुरुस्त्यांचा उलगडाही झाला. काम संपवून त्याने वायर कुठल्यातरी चांगल्या खोबणीत लावलेली असायची.

“म्हणजे मी मेमरी उगाच बदलली,” तो म्हणाला.

“साप म्हणून भुई धोपटलीस. आता उरलेल्या चारही सुधार.”

त्याने सुधारल्या. पण सोमवारी अपडेट पुन्हा येणार होतं. “या कॉम्प्युटरचं नाव सोमवारच्या यादीतून काढायला वरची परवानगी लागते,” तो म्हणाला. “माझ्या हातात नाही.”

“उद्या वरच्याच येतायत.”

“बाई, एक सांगू? ‘मीच वायर बदलत होते’ हे तेवढं तुम्ही बोलू नका. मॅनेजर तेच धरून बसेल.”

नवऱ्याचं मतही तेच पडलं. भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “म्हणजे चूक तुझीच निघाली. आता गप्प बस. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“एक तृतीयांश माझी.”

“तृतीयांशाचा हिशेब कोण ठेवतंय? ते पूर्णांक तुझ्या नावावर मांडतील.”

“मांडू देत. मी पुसायला बसलेच आहे.”

त्याने सुरी खाली ठेवली. “कागदावर लिहून दे मग,” तो म्हणाला. “तोंडी बोलशील तर तो तुला मधेच तोडील.” आठवडाभरात त्याने दिलेला हा एकच सल्ला तिने ऐकला.

शुक्रवारी अकराला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हातात जाड डायरी, चाल भरभर. मॅनेजरने फाइल पुढे केली. अर्जावर दोन सह्या होत्या. तिसऱ्या सहीच्या जागी मास्तरणीने वेगळा कागद टाचणीने लावला होता. त्यावर तीन ओळी होत्या:

‘१. प्लॉटरची वायर रोज सकाळी न पाहता कुठल्याही खोबणीत मी लावली.

२. ती बारीक वायर रोज काढायला कारखान्याच्या नियमाने लावले. विजेशी तिचा संबंध नाही.

३. या प्लॉटरला न चालणारा ड्रायव्हर दर सोमवारी मुख्य कचेरीने पाठवला.’

खाली सही, तारीख.

मॅनेजरने खांद्यावरून वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. “मॅडम, हेच मी अर्जात म्हटलंय. ऑपरेटरने स्वतः कबूल केलंय, बघा, पहिलीच ओळ.”

“पुढे अजून दोन आहेत, साहेब,” मास्तरीण म्हणाली. “दुसरी तुमची आहे. तिसरी मॅडमच्या कचेरीची. मी माझी आधी लिहिली, कारण मला ती माझी म्हणून ओळखता आली.”

कॉम्प्युटरवाला खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

मॅडमनी तीनही ओळी परत वाचल्या. “पहिली लिहिली नसतीत तर मला कळलं असतं?”

“नाही. पण मग दुसरी आणि तिसरी कशाला जोडणार? मुंढ्याशिवाय बाही लागत नाही.”

“चालवून दाखवा.”

मास्तरणीने विचारलं, “कुठल्या खोबणीत वायर लावू? सहा आहेत. तुम्ही सांगा.”

मॅडमनी सांगितली, खडूची रेघ नसलेली. मास्तरणीने कमरेला पट्टा बांधणाऱ्या नर्सचा फर्मा काढायला घातला. नऊ तुकडे, अठरा मिनिटं. मॅडम अठरा मिनिटं उभ्या राहिल्या. चौथं मिनिट गेलं तेव्हा मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. सातव्या मिनिटाला तो तेही पाहायचा थांबला. पेन शेवटच्या तुकड्याच्या कडेला जाऊन वर उचललं गेलं, कागद सरकला आणि प्लॉटर थांबला.

“यादीतून नाव काढा,” मॅडम कॉम्प्युटरवाल्याला म्हणाल्या. मग मॅनेजरला, “नियमात दुरुस्ती करा. जाड वायरी काढायच्या, बारीक नाही.” मग मास्तरणीला, “खोली राहील. पण स्पष्ट सांगते, हा कॉम्प्युटर कायमचा नाही चालणार. वर्षभरात नवा येईल.”

“येऊ द्या. जुना चालू असताना येऊ द्या, आणि शेजारी मांडा. दोन्हीवर एकच फर्मा काढू, कापू, शिवू, ज्याचा आहे त्याच्या अंगावर घालून बघू. जुळलं तर जुन्याच्या अर्जावर मी स्वतः सही करीन. तोपर्यंत नाही.”

मॅडमनी डायरीत काहीतरी टिपून घेतलं. काय, ते कुणाला दिसलं नाही. अर्जावर त्यांनी तिरपी रेघ ओढून ‘रद्द’ असं लिहिलं आणि त्या निघाल्या.

मॅनेजर फाइल बंद करत होता. मास्तरणीने फाइलीवर हात ठेवला.

“शेवटचं वाक्य खोडा. बाजूला सही करा.”

“बाई, अर्जच रद्द झालाय! आता त्या वाक्याला काय अर्थ आहे?”

“रद्द झालेला अर्ज फाइलमध्ये राहतो. दहा वर्षांनी कुणी उघडला तर टाचणीचा माझा कागद निसटलेला असेल. ‘हाताळणीतील चुका’ तेवढं राहिलेलं असेल.”

“तुमचीच पहिली ओळ आहे ना, वायर मी लावली म्हणून?”

“आहे. माझी ओळ मी लिहीन, तुम्ही नाही.”

मॅनेजरने पेन काढलं. एक रेघ मारली. मास्तरीण तशीच उभी राहिली. वाक्य अजून वाचता येत होतं. त्याने दुसरी रेघ मारली, मग तिसरी, आणि बाजूला सही केली. तिने फाइलीवरचा हात काढला. साडेबारा वाजले होते. नर्सच्या फर्म्याचे नऊ तुकडे प्लॉटरवर पडून होते आणि कापणीवाला दारात दोनदा डोकावून गेला होता.